गर्भाचे महिने आणि जन्मानंतरची वर्षं

खुलताबादेतल्या औरंगजेबाच्या कबरीवरून आपल्याकडे अधूनमधून रान पेटतं. त्या बादशहाच्या हुकमानं तयार झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’त काय लिहिलंय, हे भांडणाऱ्या कुठल्याच बाजूनं उघडून पाहिलेलं दिसत नाही. बऱ्हाणपूरच्या शेख निजामांच्या देखरेखीखाली सतराव्या शतकात हा हनफी कायद्याचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात एक प्रसंग येतो. अंगावर पाजणारी बाई आहे. तिला पुन्हा दिवस गेलेत, दूध आटलंय, मांडीवरचं मूल दगावेल अशी धास्ती आहे आणि दूध पाजायला दुसरी बाई ठेवण्याची बापाची ऐपत नाही. अशा बाईनं गर्भाला आकार येण्याआधी, म्हणजे 120 दिवसांच्या आत, तो पाडण्याचा इलाज केला तर त्याला मुभा आहे.

यातली बापाच्या ऐपतीची ओळ मला फार मोलाची वाटते. जीव केव्हा येतो या चर्चेत धर्मपंडितांनी घरातल्या दाण्यागोट्याचा हिशेबही धरला. समोर जन्मलेलं मूल आहे, हे ते विसरले नाहीत.

हिंदू धर्मशास्त्रात भ्रूणहत्या घोर पातकांत मोडते, त्यामुळे इथे वादच नाही असं वाटतं. पण चरकसंहितेत जीवाचा संयोग अगदी सुरुवातीलाच होतो, तर गर्भोपनिषदात तो सातव्या महिन्यात. ग्रंथ सोडून आचार पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ 1790 च्या सुमाराचा. सोयरसुतकाची अडचण आली की आजही भटजी त्याचाच आधार घेतात. चौथ्या महिन्यात गर्भ गेला तर आईला चार दिवसांचं आशौच, पाचव्यात पाच, सहाव्यात सहा आणि सातव्यापासून पूर्ण दहा दिवस. गर्भ पहिल्या दिवसापासून पूर्ण माणूस मानायचा, तर दिवसांची ही चढण कशाला? आपल्या आज्या-पणज्यांनी पोटातलं गेलेलं मूल मनात जपलं, पण त्याचं तेरावं कुणी घातलं नाही. परंपरेनं गर्भाची किंमत टप्प्याटप्प्यानं वाढत जाते असंच धरलं होतं. ‘पहिल्या क्षणापासून खून’ ही भाषा व्यासपीठावरची, घरातली नाही.

ख्रिस्ती जगातही फार वेगळं नव्हतं. कॅथलिक चर्चनं शिक्षेपुरता सजीव आणि निर्जीव गर्भातला भेद काढून टाकला तो 1869 मध्ये. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी 1971 मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा देणारा ठराव केला होता आणि पुढे तीच मंडळी विरोधाच्या आघाडीवर गेली. ताठर भूमिकेची किंमत आपल्या सीमाभागानंही मोजली आहे. बेळगावची सविता हलप्पनवार दंतवैद्य होती. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत तिचा गर्भपात अटळ असतानाही गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले आणि जंतुसंसर्गानं ती गेली. वाचणार नाही हे ठाऊक असलेल्या गर्भासाठी वाचू शकणारी बाई पणाला लावली, यात जीव वाचवण्याचं तत्त्व कुठे उरलं, ते मला कळलेलं नाही.

धार्मिक युक्तिवादाची खरी परीक्षा गर्भात होतच नाही, ती जन्मानंतर होते. हे कळायला आम्हा संभाजीनगरकरांना लांब जायला नको. पैठणजवळच्या आपेगावचं विठ्ठलपंतांचं घराणं आठवा. संन्याशाची पोरं म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता यांना समाजानं वाळीत टाकलं. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, मुलांच्या मुंजी अडल्या आणि शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं, असं परंपरा सांगते. पोटातला जीव पवित्र मानणाऱ्या धर्मपीठानं चार जित्या पोरांना दारात उभं केलं.

ही विसंगती सहाशे वर्षांनी पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी नेमकी पकडली. 1860 च्या भारतीय दंडसंहितेनं गर्भपात हा गुन्हा ठरवला होता आणि त्यात बाईलाही शिक्षा होती. फसलेल्या ब्राह्मण विधवेपुढे विहीर, गावठी औषध किंवा नवजात बाळाचा गळा, एवढेच रस्ते उरत. काशीबाई नावाच्या विधवेनं बाळ मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दांपत्यानं 1863 मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवावं ते जिचं तिनं ठरवावं. 1884 पर्यंत पस्तीस विधवा तिथे आल्याचं फुल्यांनीच नोंदवलंय. गर्भपात पाप आहे की नाही, या वादात ते शिरले नाहीत. मूल जगावं असं खरंच वाटतं ना, मग ही घ्या खोली, असं त्यांचं उत्तर होतं. 1874 मध्ये तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. भ्रूणहत्येवर प्रवचन देणाऱ्या किती घरांत असं दत्तकपत्र सापडेल?

1971 चा गर्भपाताचा कायदा आला तो महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालावरून. धर्मपीठांनी तेव्हा फारशी खळखळ केली नाही. लोकसंख्येची धास्ती होती आणि चोरट्या गर्भपातांत बायका मरत होत्या. बाईचा हक्क म्हणून तो कायदा झालाच नाही. निर्णय डॉक्टरच्या सहीवर ठेवला गेला.

पेच पुढे आला आणि या वेळी तो आमच्या, म्हणजे बाईच्या निर्णयाची बाजू घेणाऱ्यांच्या पदरात पडला. निर्णय तिचा, तर मुलीचा गर्भ पाडण्याचाही तिचाच का नाही? चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी गर्भपाताला हात न लावता चाचणीवर बोट ठेवलं आणि 1988 मध्ये महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. हे उत्तर मला अजूनही पटतं, कारण सासू, नवरा आणि हुंडा यांच्या गराड्यातल्या होकाराला निर्णय म्हणणं कठीण आहे. तरी ते पूर्ण समाधानकारक नाही, हेही खरं. धर्मवाद्यांची अडचण त्याहून मोठी. 2001 च्या जनगणनेत देशात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 927 मुली होत्या. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या जैनांत 870, मुलगी मारणाऱ्याशी संबंध ठेवू नये अशी शिकवण असलेल्या शिखांत 786. आमच्या शेजारच्या बीडमध्ये 2011 ला हा आकडा 807 वर आला, तिथल्या नारळी सप्ताहांत काही खंड पडला नव्हता.

2012 मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत मुलींचे गर्भ बेकायदा पाडले जात असल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि भिंतीभिंतीवर भ्रूणहत्येला महापाप ठरवणाऱ्या घोषणा रंगल्या. त्याचा एक परिणाम कुणी मोजला नाही. औषधाच्या अनेक दुकानांतून गर्भपाताच्या गोळ्या गायब झाल्या, डॉक्टर कायदेशीर केसही टाळू लागले आणि सातव्या-आठव्या आठवड्यात सुटणारी गोष्ट लांबत गेली. सगळ्या परंपरा ज्या काळात सौम्य आहेत तो काळ हातचा गेला आणि बाई त्या जिथे कठोर होतात तिथे येऊन पोहोचली.

2023 च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठापुढे पंधरा वर्षांच्या अत्याचारपीडित मुलीचा अर्ज आला, तेव्हा 28 आठवडे उलटले होते. आता गर्भपात केला तरी बाळ जिवंतच जन्मेल, असं वैद्यकीय मंडळ म्हणालं; मग पूर्ण दिवस भरू द्यावेत, म्हणत न्यायालयानं परवानगी नाकारली. सोबत तिच्या राहण्याची सोय सुचवली आणि मूल ठेवायचं की दत्तक द्यायचं याची मोकळीक तिला दिली. या आदेशात फुल्यांच्या घराची आठवण करून देणारं बरंच आहे. पण पुण्याला येणारी विधवा आपल्या पायानं यायची.

पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या चौदा वर्षांच्या मुलीला जवळपास तिसाव्या आठवड्यात परवानगी दिली आणि आईबापांचं मन बदलल्यावर ती मागेही घेतली. मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल तर न्यायालयानं त्याला महत्त्व द्यायला हवं, असं त्या निकालाच्या कारणांत आहे. तिसाव्या आठवड्यात तिनं काहीही सांगितलं तरी सगळ्या वाटा वाईटच असतात. आठव्यात कुणी विचारलं असतं, तर वैद्यकीय मंडळ बसवायची वेळच आली नसती.