रविवारी विणावे का?

मे महिन्यातील एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात एक प्रौढ भगिनी आमच्यापाशी आल्या. चारचौघींत उभ्या राहूनच त्यांनी विचारले, "फादर, रविवारी क्रोशाचे काम केले तर पाप लागते का?" सोबतच्या बायका हसल्या. आम्हीही हसलो. "विणा खुशाल, मावशी. तो तर विरंगुळा आहे," एवढे बोलून आम्ही सॅक्रिस्टीकडे वळलो. उत्तर चुकीचे नव्हते. पण ते फार घाईने दिले गेले होते, हे कळायला आम्हांला तीन दिवस लागले.

वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटतो. तरी थोरामोठ्यांनी त्याचा कीस काढलेला आहे. यहुदी धर्मपंडितांच्या मिश्ना या ग्रंथात शब्बाथ दिवशी वर्ज्य अशा एकोणचाळीस कामांची यादी आहे. कातणे, विणणे, गाठ मारणे, गाठ सोडणे, एवढेच काय पण दोन टाके घालणे हेही तीत आहे. आपल्या सेमिनरीच्या ग्रंथालयात नीतिशास्त्राचे जे जुने, जाड ग्रंथ असत, त्यांत कामांची विभागणी केलेली असे. शरीराने करावयाची ती सेवकी कामे, बुद्धीने करावयाची ती उदार कामे. रविवारी पहिली वर्ज्य, दुसऱ्यांना मुभा. शिवणकाम सेवकी गणले जाई. विणकाम व भरतकाम यांविषयी मात्र शास्त्रकारांत एकमत नव्हते. काम पैशासाठी केले की फुकट, याला महत्त्व नसे. कामाचा प्रकार तेवढा पाहावयाचा. त्यामुळे वेतन घेऊन कागद लिहिणारा कारकून निर्दोष ठरे आणि लेकराचा फाटका सदरा दोन-तीन तास बसून शिवणारी माता दोषी ठरण्याची वेळ येई. १९१७ च्या धर्मसंहितेत सेवकी कामांचा निषेध स्पष्ट शब्दांत होता.

१९८३ च्या नव्या संहितेतून 'सेवकी काम' हा शब्दच गेला. कलम १२४७ आता वेगळ्या गोष्टी विचारते. या कामाने उपासनेत अडथळा येतो का? प्रभुवाराचा आनंद हिरावला जातो का? मनाला व शरीराला हवी ती विश्रांती मिळते का? हा बदल केवळ शब्दांचा नव्हे. पूर्वी कामाकडे पाहत असत. आता काम करणाऱ्या माणसाकडे पाहावयाचे आहे. शब्बाथ माणसासाठी आहे, ही प्रभू येशूची शिकवण संहितेत उतरली, असेच म्हणावे लागेल. या कसोटीला आमचे उत्तर उतरत होते, असे आम्हांला त्या रविवारी वाटले.

आपल्या घरांतील उन्हाळा आठवून पाहावा. मुलांना सुटी, मुंबईची भावंडे राहायला आलेली, लग्नांची आमंत्रणे, त्यात आगोटीची बेगमी. मसाले, पापड, लोणची, सारे पहिल्या पावसाच्या आत उरकावयाचे. संध्याकाळी मरियेच्या महिन्याची जपमाळ. या गर्दीत घरच्या स्त्रीला सलग तास असा मिळतच नाही. मिळतात ती दहा-पंधरा मिनिटे: भात शिजेपर्यंत, धाकटे झोपेतून उठेपर्यंत. या दिवसांत लोकर मांडीवर घेववत नाही. घामेजलेल्या बोटांना ती चिकटते आणि अर्धामुर्धा स्वेटर मांडी तापवतो. म्हणून जाणत्या बायका उन्हाळ्यात लोकर पेटीत ठेवतात आणि सुती दोरा व क्रोशाची सुई काढतात. काम लहान घेतात: हातरुमालाची किनार, पाण्याच्या तांब्यावरचे झाकण, एकेक चौकोन.

येथे एक बारकावा आहे. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी पन्नास-साठ टाके सुईवर जिवंत असतात; एक निसटला की ओळीमागून ओळ उसवत खाली जाते. क्रोशामध्ये साखळी असो, खांब असो वा मुका खांब असो, प्रत्येक टाका तेथल्या तेथे पुरा होतो आणि सुईवर उरतो एकच फास. मूल रडले, दूध उतू गेले, दारी कुणी आले, की तो फास थोडा ओढून सैल करावा, सुई काढावी आणि उठावे. परत येऊन त्याच टाक्यापासून पुढे निघावे. हाकेसरशी खाली ठेवता येते, असे हे काम आहे. कुणाच्याही वाट्याचा वेळ न घेता ते घरात सामावते. याला विरंगुळा म्हणावयाचे नाही, तर कशाला?

बुधवारी त्याच आळीत जपमाळेला गेलो. त्या भगिनींच्या घरी पाणी प्यायला टेकलो, तो पंख्याखाली स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली पांढरी किनार दिसली. काम मोठे होते. तीन मीटर लांबीपैकी अर्धेही झाले नव्हते. "मावशी, हे कुणाकरिता?" आम्ही विचारले. त्या संकोचून म्हणाल्या, "फादर, तुम्हीच सांगितले होते ना? एकतीस तारखेला वेदीवर हवी म्हणून."

आम्हांला आठवले. इस्टरनंतर आम्हीच सहज बोललो होतो, की मरियेच्या महिन्याच्या सांगतेला वेदीला नवी जाळीची किनार असावी. तारीख आम्ही दिली होती. नातवंडांनी भरलेल्या घरात, आगोटीच्या दिवसांत, तीन मीटर किनार कोण, केव्हा विणणार, हा विचार आम्ही केला नव्हता. आठवड्यात वेळ मिळेना, म्हणून त्यांनी रविवार वापरला. आणि मन टोचू लागले, म्हणून आम्हांलाच येऊन विचारले. आम्ही त्यांच्या श्रमाला 'विरंगुळा' हे नाव देऊन मोकळे झालो.

हे नाव निरुपद्रवी नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमुळे क्रोशाची लेस रुजली आणि पुढे ती परदेशी बाजारात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील स्त्रियांवर लिहिलेला ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या त्या स्त्रियांना कामगार कुणी म्हणत नसे. त्या गृहिणी, आणि त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळेचा उद्योग, असेच सारे मानीत. आणि म्हणूनच मोबदला अत्यल्प राही. सुई तीच, दोराही तोच. पण खाली ठेवण्याची मुभा गेली की विरंगुळ्याचे ओझे होते. ओझे लादणारा व्यापारी असो की वेदीची शोभा वाढवू पाहणारा धर्मगुरू, वाहणाऱ्या खांद्याला त्यातील फरक जाणवत नाही.

विश्रांतीची आज्ञा सांगताना अनुवाद या पुस्तकात दास, दासी, बैल, गाढव या सर्वांची नावे घेतली आहेत. आपल्यासारखीच त्यांनाही उसंत मिळावी म्हणून. १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथात, परिच्छेद २१८७ मध्ये, याच आज्ञेचा विस्तार आहे. प्रभुवार पाळण्यात दुसऱ्याला अडथळा होईल अशी अनावश्यक मागणी कुणाकडे करू नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे रविवार मोडण्याचे पाप काम करणाऱ्याच्याच माथी असते असे नाही. काम करवून घेणाऱ्याने स्वतः बोट न हलवताही ते घडू शकते. मावशींचा प्रश्न बरोबर होता. उत्तरादाखल मान खाली घालावयाची होती ती आम्ही.

आणि हे केवळ वेदीच्या किनारीपुरते राहत नाही. रविवारी आपण सारे विसावतो, तेव्हा मटणाचे वाटण कोण वाटते? पाहुण्यांची पंगत कोण उठवते? कित्येक घरांत कुटुंबाचा विसावा एकटीच्या पाठीवर उभा असतो. दुपारी ती क्षणभर दोरा घेऊन बसली, तर तोच तिचा शब्बाथ असतो. आणि तेवढ्यात "अगं, चहा ठेव" अशी हाक येते. क्रोशाचे काम हाकेसरशी खाली ठेवता येते हा त्या कामाचा गुण आहे. त्याचा अर्थ हाका माराव्यात असा नव्हे. चहा मुलालाही करता येतो, नवऱ्यालाही करता येतो.

आम्ही मावशींना तारीख मोकळी करून दिली. "पुरी होईल तेव्हा होईल. रविवारी मन रमत असेल तर विणा, नसेल तर पडून राहा," असे सांगितले. त्यांनी किनार फडक्यात गुंडाळली आणि प्रथमच मोकळेपणाने हसल्या.

३१ मे हा पवित्र मरियेच्या भेटीचा सण. वयस्क, गरोदर अलीशिबेच्या घरी मरिया स्वतः चालत गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. दुसऱ्या स्त्रीच्या घरातील कामाला आपले हात लावणे, याहून त्या भेटीचा साधा अर्थ आम्हांला सुचत नाही. त्या दिवशी वेदीवर जुनेच वस्त्र होते. कुणाच्या लक्षातही आले नाही.