शस्त्र आणि सप्तशील

शरणबंधूंनो, ग्वाल्हेरच्या मुक्कामी एका भक्ताने आम्हांस विचारले, "स्वामीजी, मी बँकेच्या दाराशी दुनाळी बंदूक घेऊन उभा असतो. हे कायक इष्टलिंगाला रुजू होते का?"

दुसऱ्याच्या ठेवीचे रक्षण हे सत्य कायकच होय. आडरानात वस्ती करणाऱ्याने स्वरक्षणासाठी परवाना मागितला, तर त्यासही आम्ही पापी म्हणणार नाही. परंतु चंबळच्या त्या मुलखात बंदूक शानेसाठीही मिरवली जाते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली. एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली, आणि लग्नकार्यात बेदरकारपणे बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठरली. वरातीत कोणता शत्रू आलेला असतो?

महात्मा बसवण्णांच्या सप्तशीलाच्या वचनात हत्येबरोबरच क्रोध आणि आत्मस्तुती यांचाही निषेध आहे. कायदा हात धरील, मन कसे धरणार? वरातीतला बार ही आत्मस्तुतीच. आणि क्रोध? जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींवर झाडलेले पिस्तूल ग्वाल्हेरातच मिळवलेले होते. मिळवणाऱ्याच्या जिवावर कोणी उठले नव्हते.

तो भक्त थोडा घुटमळला. "भाचीच्या लग्नाला बंदूक घेऊनच ये, असा निरोप आहे."

"अवश्य जा. बंदूक घरी कुलपात राहू दे."

"लोक हसतील, स्वामीजी."

"हसू देत."