टेलचं पाणी

२ सप्टेंबर २०२४ला विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजमधून कृष्णेचा विसर्ग ११ लाख ४३ हजार क्युसेकवर पोचला. सत्तरच्या सत्तर दरवाजे उघडे होते आणि वरून सुटून आलेल्या नावा आदल्याच दिवशी त्यांच्यावर आदळल्या होत्या. निम्मं शहर पाण्यात होतं, अर्थात त्यात कृष्णेपेक्षा बुडमेरू नावाच्या ओढ्याचा हात मोठा. हा वेग चोवीस तास टिकला असता तर एका दिवसात जवळपास कोयना धरणाएवढं पाणी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. अशा आकड्यांच्या पाठोपाठ एक वाक्य ठरलेलं असतं: एवढं पाणी समुद्रात वाया गेलं! मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, अमरावती, सगळीकडे ते सारख्याच हळहळीने म्हटलं जातं. सरकार कोणाचंही असो, पुढचं वाक्यही ठरलेलं: आता आणखी एक योजना हवी.

याच बंधाऱ्याने दुसरं टोकही पाहिलं आहे. १९५०च्या दशकात कृष्णा वर्षाला सरासरी ६२ अब्ज घनमीटर पाणी समुद्रात नेत होती. २०००नंतरच्या दशकात हा आकडा १२ अब्जांवर आला आणि २००१ ते २००४च्या कोरड्या वर्षांत तर एक अब्जाच्याही खाली गेला. महाबळेश्वरहून निघालेली चौदाशे किलोमीटरची नदी त्या वर्षांत समुद्रापर्यंत जवळजवळ पोचलीच नाही. वाया जाण्याची तक्रार मात्र तेव्हाही चालू होती.

कालव्यावर शेती करणाऱ्याला यातली मेख सांगावी लागत नाही. हेडचा शेतकरी दोन पाळ्या जादा घेतो, मधले मोटारी टाकतात आणि टेलला आवर्तन पोचेपर्यंत चारीत ओल तेवढी उरते. म्हणून पाटबंधारे खात्यात ‘टेल टू हेड’ पाणी देण्याची पद्धत आली: आधी शेवटच्याचं भिजवायचं, मग वर सरकायचं. अख्खं कृष्णा खोरं हा एकच कालवा मानला तर विजयवाड्याखालचा त्रिभुज प्रदेश हे त्याचं टेल. तिथे हा नियम कुणी लावलेला नाही.

हे टेल म्हणजे काही निर्मनुष्य पाणथळ नव्हे. १८५५मध्ये, आर्थर कॉटनच्या प्रेरणेने, विजयवाड्याला कृष्णेवर दगडी बंधारा झाला. तो १९५२मध्ये फुटला आणि त्याच्या जागी १९५७मध्ये प्रकाशम बॅरेज आलं. त्याच्या कालव्यांवर आज सुमारे तेरा लाख एकर भिजतं, त्यातलं बहुतेक भाताचं. म्हणजे ‘शेतकरी की पक्षी’ अशी जी मांडणी केली जाते ती इथे मुळातच फसवी आहे. सांगलीचा ऊस, रायचूरचा भात, नलगोंड्याचा कापूस आणि अवनिगड्ड्याचा भात यांच्यातली ही चढाओढ आहे. खेकडे पकडणारे, खाडीत जाळं टाकणारे आणि तिवरांचं जंगल ही त्या चढाओढीच्याही खालची पायरी.

पुलिगड्ड्याजवळ नदीला फाटे फुटतात आणि त्यांच्या मधली जमीन म्हणजे दिविसीमा. १९ नोव्हेंबर १९७७च्या चक्रीवादळात समुद्र या बेटावर चढून आला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दिविसीमेच्या समुद्राकडच्या कडेला कृष्णा अभयारण्याची खारफुटी आहे. मासेमार मांजर हा बिबट्यासारखा ठिपकेदार, पाण्यात शिरून शिकार करणारा प्राणी तिथे आढळतो. या जंगलातल्या तिवराचं पान उन्हात न्याहाळलं तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. झाड मुळांवाटे आलेलं जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. म्हणून अनेकांची समजूत होते की तिवराला खारं पाणीच हवं. मोठं झाड तग धरतं हे खरं, पण चिखलात रुजू पाहणाऱ्या कोवळ्या रोपाला गोड्या पाण्याची जोड लागते. नदी उन्हाळाभर बंद राहिली की चिखल खारावत जातो, झाडं खुरटतात, नवी पिढी येत नाही. जंगल उपग्रहाच्या चित्रात हिरवंच दिसतं, आतून मात्र म्हातारं होत जातं.

शेताचंही तेच. खारं पाणी जड असतं. नदीतून गोड्या पाण्याचा रेटा नसला की भरतीबरोबर ते तळाने आत सरकतं आणि वर गोडं पाणी दिसत असताना खालून मुखाचा कब्जा घेतं. विहिरी आणि बोअर आधी मचूळ होतात, मग जनावरं तोंड लावत नाहीत. भात जळतो तो त्यानंतर.

पाण्यापेक्षाही कमी बोललं जातं ते गाळाबद्दल. त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीने हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. तो स्वतःच्या वजनाने दरवर्षी थोडा खचतो आणि पुरातल्या नव्या गाळाने पुन्हा भरून निघतो. आंध्र विद्यापीठातले संशोधक के. नागेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये मांडलेला हिशेब अस्वस्थ करणारा आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कृष्णा वर्षाला सुमारे ९० लाख टन गाळ खाली नेत होती. २०००नंतर तो ४ लाख टनांपर्यंत घसरला. कृष्णा आणि गोदावरीच्या जोडमुखांच्या ३३६ किलोमीटर किनाऱ्यावर १९६५ ते २००८ या काळात निव्वळ ७६ चौरस किलोमीटर जमीन समुद्राने नेली. गेलेला गाळ कुठे आहे? तो तुंगभद्रेच्या जलाशयात आहे, श्रीशैलमला आहे, आपल्या उजनीतही आहे. तुंगभद्रेची साठवण १३२ टीएमसीवरून १०५ टीएमसीच्या आसपास आली. वरच्या शेतकऱ्याचं पाणी गाळाने खाल्लं आणि खालच्याची जमीन गाळावाचून गेली. एकाच मातीने दोघांचं नुकसान केलं, तरी दोघे एकत्र येऊन कुणाला जाब विचारत नाहीत.

आता वाटपाकडे. १९६९मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत हमखास मिळेल असं पाणी २०६० टीएमसी धरलं आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८०० असं वाटून दिलं. त्यावरचं उरलेलं पाणी आंध्रने वापरावं, पण त्यावर हक्क सांगू नये, अशी मेख मारून ठेवली. म्हणजे नदीमुख जगत होतं ते कुणाच्याच नावावर नसलेल्या शिल्लक पाण्यावर. २००४मध्ये आलेल्या ब्रिजेश कुमार लवादाने ही शिल्लकही वाटायला घेतली. २०१०च्या त्याच्या निवाड्यात आणखी ४४८ टीएमसी तीन राज्यांना मिळालं आणि नदीचा सरासरी प्रवाह, २५७८ टीएमसी, पुरता वाटला गेला. न्याय करायचा तर हेही नोंदवायला हवं की किमान प्रवाह नावाची गोष्ट याच लवादाने कागदावर आणली: महाराष्ट्र ३, कर्नाटक ७, आंध्र ६, एकूण १६ टीएमसी. शेकडा एकालाही कमी. त्यातही हे पाणी आपापल्या हद्दीतल्या नदीपात्रासाठी. समुद्राशी पोचलं पाहिजे असं कुणावर बंधन नाही. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाड्याची अधिसूचना रोखली, त्यामुळे हे १६ टीएमसीही कागदावरच राहिले.

या १६ आकड्याशेजारी एक मराठी आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे. कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला सोडण्याची मुभा बच्छावत लवादाने दिली. पोफळी, कोळकेवाडी करत ते अवजल चिपळूणला वाशिष्ठीत पडतं आणि अरबी समुद्राला मिळतं. टाटांच्या धरणांचं पाणी तर त्याच्याही आधीपासून भिवपुरी, खोपोली आणि भिऱ्याला सह्याद्री उतरतं. मुळशीच्या सत्याग्रहात सेनापती बापट लढले ते गेलेल्या जमिनींसाठी. भीमेचं पाणी पूर्वेला कुणाला कमी पडेल, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या गावीही नव्हता. पूर्वेचं पाणी पश्चिमेच्या समुद्रात गेलं तर ती वीजनिर्मिती, पूर्वेच्या समुद्रात गेलं तर ती नासाडी!

मग सगळं खापर उसावर फोडावं का? मोह होतो आणि काही अंशी तो रास्तही आहे. राज्याच्या लागवडीत चार टक्क्यांच्या आसपास असलेलं हे पीक सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी पितं, असं सरकारी अहवालच सांगतात. पण कृष्णा खोऱ्याच्या महाराष्ट्रात जत, आटपाडी, माण, सांगोलाही येतात. तिथे दोन पिढ्या चारा छावण्यांत आणि मुकादमाच्या उचलीवर गेल्या. म्हैसाळचं, टेंभूचं पाणी तिथे कालपरवा पोचलं. त्या माणसाला ‘खाली नदीमुख कोरडं पडलंय, तुझं पाणी सोड’ असं पुण्या-मुंबईतून सांगायला फार धारिष्ट्य लागत नाही, कारण सांगणाऱ्याचा नळ चालूच असतो. शिवाय टेलचे लोकही धुतल्या तांदळाचे नाहीत. भातखाचरं मोडून कोळंबीची तळी खोदण्याची लाट याच किनाऱ्यावर आली. कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधलं कोल्लेरू सरोवर मत्स्यतळ्यांनी इतकं व्यापलं की २००५-०६मध्ये सरकारला बांध फोडण्याची मोहीम काढावी लागली.

उत्तर म्हणून आंध्रने दुसऱ्या नदीकडे हात पसरला. २०१५पासून पट्टिसीमाच्या पंपांनी गोदावरीचं पाणी उचलून पोलावरमच्या उजव्या कालव्याने प्रकाशम बॅरेजला आणलं जातं, हंगामाला ८० टीएमसीपर्यंत. कृष्णा डेल्टाचा भात त्याने वाचवला, यात शंका नाही. पण गोदावरीलाही स्वतःचं मुख आहे, कोरिंगाची खारफुटी आहे. त्यात या ८० टीएमसीच्या बदल्यात वर कृष्णेतलं १४ टीएमसी महाराष्ट्राला आणि २१ टीएमसी कर्नाटकला मिळावं अशी तरतूद गोदावरीच्या १९८०च्या निवाड्यात आहे. आणलेलं पाणी समुद्राच्या वाट्याला येण्याआधीच त्याच्या बदल्याची मागणी वर तयार असते.

बचतीचंही असंच होतं. कृष्णा डेल्टाच्या कालव्यांचं आधुनिकीकरण करून २९ टीएमसी वाचेल असा हिशेब झाला. त्यातले २० टीएमसी महबूबनगरकडच्या भीमा उपसा योजनेला गेले आणि ९ टीएमसी पुलिचिंतला जलाशयाच्या बाष्पीभवनापोटी धरले गेले. नदीच्या नावे शून्य. ठिबकवर ऊस नेला की नदी वाहील, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं. ठिबकने पाणी वाचतं, आणि वाचलेल्या पाण्यावर शेजारचं माळरान भिजतं.

बाहेर याचा काही उतारा सापडला आहे का? कोलोरॅडो नदीचं मेक्सिकोतलं मुख अनेक दशकं कोरडं होतं. अमेरिका आणि मेक्सिकोने २०१२मध्ये करार केला आणि २३ मार्च २०१४ला मोरेलोस धरणातून आठ आठवड्यांसाठी सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी मुद्दाम सोडलं. आपल्या भाषेत साडेचार टीएमसीच्या आसपास! बरंचसं वाळूत मुरलं, पण मेच्या मध्याला धार समुद्राला टेकली आणि काठावर वाळुंज, कॉटनवूडची रोपं रुजली. पुढच्या, २०१७च्या करारात एकच मोठा लोंढा सोडण्यापेक्षा निवडक ठिकाणी थोडं थोडं पाणी देण्याचं ठरलं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या मुखाशी मोजमापच वेगळं आहे. खारटपणा हजारात दोन भाग असलेली रेघ वसंतात ठरावीक जागेच्या वर सरकता कामा नये, असा नियम १९९०च्या दशकात झाला. तिथे शेतकरी आणि मासेवाले त्यावरून अजून कोर्टात भांडतात, पण निदान कशावरून भांडायचं हे ठरलेलं आहे.

कृष्णेत अडचण अशी की महाराष्ट्राने उद्या उदार होऊन कोयनेतून पाणी सोडलं तरी ते मुखाला पोचणार नाही. वाटेत आलमट्टी आहे, दोनशे टीएमसीचं श्रीशैलम आहे, तीनशे टीएमसीचं नागार्जुनसागर आहे. जो पहिला अडवेल त्याचं. म्हणून मुखासाठी सोडलेल्या पाण्यावर वाटेत कुणाचा हक्क चालणार नाही, हे सगळ्यांनी मिळून मानायला लागेल.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १९७०च्या दशकात पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली: माणशी अर्धा एकराचं पाणी, कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही, ऊस बंद, आणि भूमिहीनालाही वाटा. सातबारा नसलेल्याला पाण्याचा हक्क असतो हे कऱ्हेच्या काठी, म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यात, पन्नास वर्षांपूर्वी मान्य झालं. पुढे २००५च्या कायद्याने ‘समन्यायी’ हा शब्द सरकारी कागदांत आणला. त्यातूनच जायकवाडीचा नियम आला: १५ ऑक्टोबरला तिथला साठा ठरलेल्या पातळीच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी सोडायचं. अशा वर्षी मोर्चे निघतात, याचिका होतात, तरी पाणी सुटतं.

या नियमाचा अंमल राज्याच्या हद्दीपुरता असला तरी हाच हिशेब कृष्णेला लावता येतो. ऑक्टोबरमध्ये दिविसीमेजवळचा खारटपणा आणि तेलंगण धरून चारही राज्यांतले साठे पाहायचे आणि उन्हाळ्यात मुखाशी दोन-तीनदा सोडायचं पाणी तेव्हाच बाजूला काढायचं. २०२३मध्ये केंद्राने लवादाला आंध्र आणि तेलंगण यांच्यातल्या वाटणीचं काम नव्याने दिलं. कागद पुन्हा उघडलेलेच आहेत. सुरुवातीला दहा टीएमसी धरले आणि बच्छावतांचंच ५६०, ७००, ८००चं प्रमाण लावलं, तर महाराष्ट्राच्या वाट्याला पावणेतीन टीएमसीसुद्धा येत नाहीत. पोफळीच्या बोगद्यातून पश्चिमेला जाणाऱ्या पाण्याचा हा पंचविसावा भाग आहे.