विंचवाचा उतारा

नाशिकच्या रामकुंडावरून गंगेचे, म्हणजे गोदावरीचे, पाणी भरून नेणाऱ्यांपैकी काहीजण ते देव्हाऱ्यासाठी नेतात, तर काहीजण घरी अंथरुणाला खिळलेल्या कुणासाठी. हातातली लोटी मात्र सारखीच दिसते, आणि कोणाची श्रद्धा आनंदातून आली, कोणाची भयातून, हे घाटावरून पाहणाऱ्याला उमगत नाही. बुवा, अंगारे, नवस यांवरचा विनोद वाचताना मला हा घाट हमखास आठवतो. विनोदकाराला आधी आपली जागा ठरवावी लागते: काठावर, मांत्रिकाच्या शेजारी, की ज्याला दुखते आहे त्याच्या जागी.

हीच नदी पुढे पैठणला जाते, आणि तिथे सोळाव्या शतकात एकनाथांनी विंचवाचे भारूड रचले. त्यातला सगळा सरंजाम गावठी उपचारांचा आहे. दंश, घाम, प्राणांची तगमग, उतारा, अंगारा. पण ते सादर करणारा मांत्रिक होत नाही, आणि मांत्रिकाची फजिती पाहणारा शहाणाही होत नाही. तो स्वतःच चावलेला माणूस होतो, विव्हळतो, गडबडा लोळतो, आणि समोरचे लोक हसून बेजार झालेले असतानाच त्यांच्या ध्यानात येते, की हा विंचू कामक्रोधाचा आहे आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा आहे तो आपल्याच अंगाला. भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणाऱ्या विद्वानाने वेदनेने लोळणाऱ्याचे सोंग घ्यावे, यातली करुणा मला त्यातल्या तत्त्वज्ञानाहूनही थोर वाटते.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ या १९१० साली ग्रंथरूप झालेल्या लेखनात हसणारा सुधारक आहे. रूढींचे भय हास्याने उतरवता येते, हे त्यांनी मराठी वाचकाला शिकवले आणि ते ऋण न फिटणारे आहे. तरीही त्यांची जागा काठावरची होती, असे मला वाटते.

अमेरिकेच्या दक्षिणेतली फ्लॅनरी ओकॉनर मात्र पाण्यात उतरलेली लेखिका. तिच्या ‘द रिव्हर’ या १९५३च्या कथेत एक तरुण प्रवचनकार नदीत उभा राहून लोकांना आपली दुःखे प्रवाहात सोडायला सांगतो, आणि काठावर कानाशी मोठी गाठ असलेला एक म्हातारा, आपण अजून बरे झालो नाही हे दाखवायलाच जणू, दर वेळी हजर असतो. कुत्सित हसणारा हा माणूस स्वतःच रोगी आहे, ही त्या कथेची खोल जखम. आणि ज्या लहानग्याचा बाप्तिस्मा झाला तो दुसऱ्या दिवशी देवाचे राज्य शोधत त्याच पाण्यात शिरतो, तेव्हा त्याच्यामागे धावणारा एकटा हा अश्रद्ध म्हाताराच असतो. असे लिहिणारी बाई स्वतः असाध्य व्याधीने ग्रासलेली होती. ल्युपस या ज्या विकाराने तिचे वडील गेले, तोच तिच्याही रक्तात होता. ती कुबड्यांवर चालत असे, आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९६४ साली गेली. १९५८मध्ये आप्तांच्या आग्रहाखातर ती फ्रान्समधल्या लूर्दच्या पवित्र झऱ्याला गेली, नाखुशीने त्या पाण्यात उतरली, आणि तिथे तिने प्रार्थना केली ती आपल्या हाडांसाठी नव्हे, हातात असलेल्या कादंबरीसाठी. शरीराचे दुःख शरीरापाशी ठेवून कलेसाठी हात जोडणारी ही श्रद्धा मला फार उंच वाटते. अशी लेखिका भोंदू प्रवचनकाराला हसेल, पण नदीकडे आशेने पाहणाऱ्याला हसणार नाही.

उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’ (२०११) या चित्रपटाकडे मी याच दृष्टीने पाहतो. मंगरूळ गावातल्या केशाला दत्तदर्शन होते, आणि तिथल्या अण्णांनी गावासाठी आखलेले रुग्णालय मागे पडून दत्ताचे मंदिर उभे राहते. राजकारणी, व्यापारी, उत्साही भाविक, साऱ्यांना गिरीश कुलकर्णींची लेखणी नेमके पकडते, आणि आपण मनमुराद हसतो. पण उद्या त्या गावात कुणाचे पोर तापाने फणफणले, तर त्याची आई जाईल कुठे? दवाखाना कागदावरच राहिला, देऊळ दारात आहे. ती दर्शनाच्या रांगेत उभी राहील, अंगारा पदराच्या गाठीत बांधून घरी नेईल, रात्रभर त्या कपाळावर हात ठेवून बसेल. तिचे सोंग घेऊन, तिच्या तोंडून, हसवत आणि विव्हळत लिहिलेले भारूड मी आधुनिक मराठीत कधीचा शोधतो आहे.