विश्वास आणि परिप्रश्न

घोडा विकत घेणाऱ्या गृहस्थापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता व्यवहाराचा दिसतो. वस्तुतः तो धर्माचा आहे. विक्रेता सांगतो, "जनावर निर्दोष आहे, वय सहा वर्षांचे, स्वभावाने गरीब." ह्या शब्दांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा? ठेवला तर फसवणुकीचे भय आहे. न ठेवला तर ज्याने आपले काहीही वाईट केलेले नाही अशा माणसाला मनातल्या मनात लबाड ठरविल्याचा दोष येतो.

बिहारात सोनपूर, राजस्थानात पुष्कर, यमुनाकाठी बटेश्वर, आपल्याकडे तापीकाठी सारंगखेडे, अशा ठिकाणी यात्रेच्या निमित्ताने आजही घोड्यांचा बाजार भरतो. तेथे येणारे सगळेच हौशी श्रीमंत नसतात. केदारनाथच्या किंवा वैष्णोदेवीच्या वाटेवर यात्रेकरूंना वाहून नेणारा, माथेरानात घोड्यावर पोट भरणारा, वरातीसाठी घोडी पाळणारा, अशांची कित्येक वर्षांची पुंजी एकेका जनावरात गुंतलेली असते. जनावर लंगडे निघाले की घरातील चूल थंडावते; आणि तेच जनावर डोंगराच्या अरुंद वाटेवर अडखळले, तर पाठीवर बसलेल्या अनोळखी यात्रेकरूचा जीव धोक्यात येतो. म्हणून ह्या प्रश्नाला क्षुल्लक म्हणता येत नाही.

ह्याची दोन उत्तरे लोकांत प्रचलित आहेत. काही भाविक म्हणतात, "सर्वांच्या ठायी ईश्वर आहे; मग शंका कशाला? जे व्हायचे ते होईल." काही व्यवहारी म्हणतात, "बाजारात कोणी कोणाचा नसतो. प्रत्येकाला चोर समजूनच चालावे." पहिले उत्तर भक्तीचे वाटते आणि दुसरे शहाणपणाचे वाटते. परंतु गीतेच्या कसोटीला दोन्ही उतरत नाहीत.

प्रथम शब्दांचा विचार करू. श्रद्धा आणि विश्वास हे शब्द आपण समानार्थी म्हणून वापरतो. पण त्यांची घडण निराळी आहे. 'श्रत्' हे वैदिक निघंटूत सत्याच्या नावांपैकी एक नाव म्हणून आले आहे. ते धारण करणे ही श्रद्धा. तिचा विषय सत्य, शास्त्र, परमेश्वर. 'विश्वास' हा शब्द 'श्वस्' धातूपासून झाला आहे. मोकळा, निर्भय श्वास घेता येणे हा त्याचा मूळ भाव. ज्याच्या सहवासात छाती दडपत नाही, तो विश्वासू. असा निर्भयपणा कोणाच्या आज्ञेने येत नाही. तो अनुभवाने आणि पडताळ्याने येतो. विक्रेत्यावर श्रद्धा ठेवावी असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. त्याच्याशी व्यवहार करताना विश्वास उत्पन्न व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. आणि तो उत्पन्न होण्याचा मार्ग कोणता, हा खरा प्रश्न आहे.

तो मार्ग गीतेने चौथ्या अध्यायात दाखविला आहे, आणि तोही गुरूच्या संदर्भात. तत्त्वदर्शी पुरुषाकडून ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना भगवंतांनी नम्रता आणि सेवा ह्यांच्या मध्ये परिप्रश्न ठेवला आहे. परिप्रश्न म्हणजे सर्व बाजूंनी, पुरतेपणी विचारणे. स्वतः अर्जुनानेही तेच केले आहे. साक्षात भगवंत सारथी असताना तो वारंवार विचारतो, शंका पुढे मांडतो, आणि भगवंत एकदाही त्याच्यावर अविश्वासाचा आरोप करीत नाहीत. जेथे गुरूलाही विचारावयाचे आहे, तेथे घोड्याच्या विक्रेत्याला विचारणे हा त्याचा अपमान कसा ठरेल?

ह्यावर कोणी म्हणेल की, त्याच अध्यायाच्या शेवटी संशयात्म्याचा नाश सांगितला आहे, त्याचे काय? हा विरोध केवळ दिसण्यापुरता आहे. परिप्रश्नाला उत्तर हवे असते. उत्तर मिळाले आणि ते पटले की तो थांबतो. संशयाला उत्तर नकोच असते. दहा पुरावे दाखविले तरी तो अकरावा मागतो, आणि अकराव्यानंतरही "ह्यात काही तरी काळेबेरे आहे" एवढेच म्हणतो. असा मनुष्य घोडा घेतही नाही आणि न घेण्याचे समाधानही त्याला लाभत नाही. म्हणून निर्णयाकडे नेणारे विचारणे विहित आहे, आणि निर्णय टाळणारा संशय निषिद्ध आहे.

न विचारण्याचे फळ काय होते, ह्याचे उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि योगायोगाने ते घोड्याचेच आहे. ज्या उच्चैःश्रव्याला भगवंतांनी दहाव्या अध्यायात अश्वांमधील आपली विभूती म्हटले आहे, त्याच्या रंगावरून कद्रू आणि विनता ह्या दोघी बहिणींनी पैज लावली. विनता म्हणाली, घोडा सर्वांगी पांढरा आहे. कद्रू म्हणाली, शेपूट काळे आहे. हरेल तिने दुसरीची दासी व्हावयाचे. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना त्या शेपटाला काळ्या केसांसारखे चिकटून राहावयास लावले. दुसऱ्या दिवशी शेपूट काळे दिसले आणि विनता दासी झाली. अपराध सर्वस्वी कद्रूचा होता. तथापि विनतेने जे दिसले तेवढ्यावरच हार मानली, हेही आपण ध्यानात घ्यावे. शेपटाला हात लावून पाहिले असते, तर ते केस नव्हेत हे तिला तत्काळ कळले असते.

आमचे स्मृतिकार हे जाणून होते. म्हणून त्यांनी परीक्षेला विक्रेत्याच्या मर्जीवर सोडले नाही. तिला नियमाचे स्थान दिले. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेचे काळ वेगवेगळे सांगितले आहेत: लोखंडाला १ दिवस, दुभत्या जनावराला ३ दिवस, वाहतुकीच्या जनावराला ५ दिवस, रत्नांना ७ दिवस, बियाण्याला १० दिवस. मनूने तर खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास १० दिवसांच्या आत व्यवहार परत फिरविण्याची मुभा दोन्ही पक्षांना दिली आहे. सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्यास याज्ञवल्क्याने किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. परीक्षा हा सर्वांना लागू असा नियम झाला की ती कोणा एकावरचा आरोप राहत नाही. सज्जन विक्रेत्याला ती बोचत नाही, आणि दुर्जनाला ती टाळता येत नाही.

आजच्या कायद्यातही हाच प्रश्न आला आहे, आणि तोही घोड्याच्याच दृष्टान्ताने. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कपट कशास म्हणावे हे सांगणाऱ्या १७ व्या कलमाखाली काही उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. तो सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. आता घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणखी एका उदाहरणात घेणारा विक्रेत्यास म्हणतो, "तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन." विक्रेता गप्प राहतो. येथे कायदा म्हणतो की, हे मौन म्हणजे बोलणेच होय.

ह्या उदाहरणांत आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. पहिल्या आणि शेवटच्या उदाहरणांत विक्रेता सारखाच गप्प आहे. फरक पडला तो घेणाऱ्याच्या विचारण्याने. प्रश्न विचारताच त्याच्या मौनाला अर्थ आला आणि त्या अर्थाची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणून परिप्रश्न हे अविश्वासाचे चिन्ह नव्हे. समोरच्या माणसाला सत्य बोलण्याची दिलेली ती संधी आहे. पुष्कळ माणसे आपण होऊन दोष सांगत नाहीत, परंतु सरळ विचारले असता खोटेही बोलत नाहीत. त्यांना न विचारणे म्हणजे त्यांना मोहात एकटे सोडून देणे होय. शिवाय त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात असेही आहे की, साधारण दक्षतेने ज्याला सत्य कळू शकले असते, त्याला पुढे विक्रेत्याच्या कपटी मौनाचे कारण सांगून करार मोडता येत नाही. दक्षता हे घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

मग विचारावे काय? विक्रेत्याला विचारावे: घोडा आपल्याकडे किती दिवस आहे, पूर्वी कोणाकडे होता, का विकता, कधी लंगडला किंवा पोटाने आजारी पडला होता काय, चावण्या-लाथाडण्याची खोड आहे काय? उत्तरे लिहून घ्यावीत आणि त्यांवर सही मागावी. त्यानंतर घोड्याला विचारावे. तो मुका असला तरी त्याचे शरीर उत्तर देते. वय दातांवरून कळते. सुमारे पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे सर्व पुढचे दात जाऊन कायमचे येतात. खालच्या दातांच्या माथ्यावरील खळगे साधारणपणे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान झिजून जातात. म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत असे खळगे कोरून काळे करणारेही असतात, म्हणून नजर जाणत्याची हवी. कठीण जमिनीवर दुडकी चालवून पाहावे: दुखऱ्या पुढच्या पायावर भार पडताच घोडा मान वर उचलतो. रपेट झाल्यावर श्वास ऐकावा. शक्य तर पूर्वसूचना न देता, पहाटे, घोडा ठाणावरून हललेला नसताना जावे. कारण आखडलेले पाय चालवून मोकळे केले की दोष झाकला जातो. वेदनाशामक औषधाने लंगडेपणा आणि गुंगीच्या औषधाने द्वाडपणा काही काळ दडविता येतो. अशा औषधाचा अंमल पुष्कळदा काही दिवसांतच उतरतो. ५ दिवसांच्या जुन्या नियमाचे मोल येथे दिसते. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, म्हणून रक्ततपासणीचा दाखला आणि पशुवैद्याचे मत घ्यावे. मात्र तो पशुवैद्य घेणाऱ्याने निवडलेला असावा. देवमण आणि इतर भोवऱ्यांची शुभ लक्षणे शास्त्रात सांगितली आहेत. परंतु विक्रेता ती रंगवून सांगू लागला की आपली दृष्टी खुरांवरून ढळू देऊ नये. बाजाराच्या रीतीप्रमाणे भाव रुमालाखाली बोटांनी ठरला तरी चालेल. दोष मात्र रुमालाखाली राहता कामा नये.

एवढ्याने घेणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. त्याने स्वतःलाही विचारावयाचे आहे. पाऊण लाखाचे जनावर कोणी तीस हजारांत देऊ लागला, तर आपली जीभ प्रश्न विचारीत नाही, कारण उत्तर ऐकण्याची इच्छाच नसते. सोळाव्या अध्यायात लोभाला नरकाच्या तीन द्वारांपैकी एक म्हटले आहे. बहुतेक फसवणूक त्याच द्वारातून आत येते. तसेच चांगल्या घोड्यात नसलेली खोट काढून गरजू विक्रेत्याचा भाव पाडणे, हेही असत्यच आहे.

विक्रेत्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजचा घेणारा उद्याचा विक्रेता असतो. कायद्याने नात्याची जी मर्यादा घातली आहे, ती गीता मान्य करीत नाही. सहाव्या अध्यायातील आत्मौपम्य, म्हणजे दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या उपमेने पाहणे, हे ज्याने स्वीकारले, त्याच्या दृष्टीने लिलावातील प्रत्येक अनोळखी गिऱ्हाईक ती मुलगीच आहे. शब्दशः खरे बोलून आपण सुटू, असेही त्याला म्हणता येत नाही. अश्वत्थाम्याविषयी युधिष्ठिराने जे उच्चारले ते अक्षरशः खोटे नव्हते. तरीही भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. शांतिपर्वातील तुलाधार दुकानात बसून व्यापारच करीत होता. तरी तपस्वी जाजलीला धर्म शिकण्यासाठी त्याच्याकडे यावे लागले.

शेवटी एक कठीण प्रसंग उरतो. सर्व विचारले, सर्व पाहिले, तरीही मनुष्य फसला. घरी आणल्यावर घोडा लंगडू लागला. अशा वेळी न्याय मागावा. तो द्वेषाशिवाय मागता येतो. एका लबाडावरून साऱ्या यात्रेला लबाड ठरवू नये. परंतु न्याय मिळाला नाही, आणि पुढच्या यात्रेत तोच घोडा दुसऱ्या कोणाच्या गळ्यात बांधण्याची संधी आली, तर? "मला फसविले, मी का सोसावे?" असे मन म्हणू लागते. त्याच क्षणी, विक्रेत्यावर विश्वास ठेवावा काय, हा प्रश्न उलटून आपल्याकडेच येतो. शिवाय ह्या व्यवहारात एक तिसराही असतो, तो म्हणजे घोडा. त्याला औषध देऊन पुन्हा पळविले जाईल, पुन्हा त्याच दुखऱ्या पायावर ओझे चढेल. आणि त्याला तर परिप्रश्नही करता येत नाही. जो गृहस्थ तेथे दोष उघड सांगतो आणि येईल ती तूट सोसतो, तो ती फसवणूक आपल्यापाशी संपवितो. त्याच्यानंतर त्या घोड्याजवळ येणाऱ्या माणसाला निर्भय श्वास घेता येतो, आणि विश्वास ह्या शब्दाचा अर्थच तो आहे.