नकार आणि शेजारधर्म

सकाळी मोबाइल उघडावा तर पहिली ई-मेल विम्याची. दुपारी दुसरी, तिच्यात हप्त्यांचा तक्ता. रात्री तिसरी, ‘आज शेवटचा दिवस’ असे सांगणारी. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्या बेळगावी-निपाणी भागात तर याला आणखी एक रंग आहे. ई-मेल येते इंग्रजीत, फोन येतो कन्नडमध्ये, आणि एजंट दारात उभा राहिला की ‘काय काका, बरं हाय न्हवं?’ असे मराठीत विचारतो. भाषा तीन, पण मागणे एकच.

या त्रासावर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्याच्या अलीकडचा प्रश्न विचारावासा वाटतो. जे आपल्याला घ्यावयाचे नाही, ते पुनःपुन्हा विकू पाहणाऱ्या माणसाशी आपण कसे वागावे? हा प्रश्न मला शहाणपणामुळे सुचलेला नाही. तो माझ्या चुकीतून आला आहे.

२०२१ साली एक तरुण एजंट माझ्या मागे लागला होता. मुलगा सुस्वभावी होता. दर आठवड्यास त्याची ई-मेल येई आणि चार दिवसांनी ‘काका, वाचलंत का?’ म्हणून फोन येई. मला विमा घ्यावयाचा नव्हता. परंतु तसे मी एकदाही म्हटले नाही. कधी ‘पुढच्या महिन्यात बघू’, कधी ‘मुलीची परीक्षा होऊ दे’, कधी ‘घरात विचारून सांगतो’. यांतले एकही वाक्य खरे नव्हते. तोंडावर नाही म्हणणे मला कठोर वाटत होते. त्यालाच मी माझी सभ्यता समजत होतो.

अखेर एके दिवशी तो म्हणाला, ‘काका, तुम्हाला नको असेल तर राहू द्या. ओळखीची पाच नावं तरी द्या.’ मला सुटका झाल्यासारखे वाटले. मंडळीच्या प्रार्थना-गटाची यादी काढली आणि पाच नावे, फोन क्रमांकांसह, त्याला सांगितली. माझा त्रास थांबला. त्या पाच घरांचा सुरू झाला.

त्यांतले एक घर विड्या वळून संसार करणाऱ्या एका विधवा भगिनीचे होते. यजमानांच्या पश्चात मिळालेली थोडी रक्कम तिने बँकेत ठेवली होती. तिने पॉलिसी घेतली, पहिल्या वर्षाचा हप्ता भरला, आणि दुसऱ्या वर्षी तिला तो झेपला नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा पॉलिसीत दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय परत काही मिळत नसे. पैसे गेले. एका रविवारी उपासनेनंतर ती सहज बोलून गेली, ‘दादा, तुमचं नाव सांगितलं त्यानं. मग मी आणि काय इचारायचं?’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते मला अधिक लागले.

मी त्या एजंटास तिच्याकडे पाठविले नव्हते, असे मी मनाशी म्हणून पाहिले. ते टिकले नाही. माझा नकार सांगण्याचे मी टाळले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

वाचकहो, अशा वेळी दोष एजंटावर टाकणे सोपे असते. तथापि त्याची बाजू पाहा. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर त्याला मोठी दलाली मिळते, पुढे ती उतरते. म्हणून नवे गिऱ्हाईक शोधीत राहणे त्याला भाग असते. शिवाय त्याला शिकविलेले असते की, जो ‘नाही’ म्हणत नाही तो आज ना उद्या ‘होय’ म्हणेल. माझे प्रत्येक ‘नंतर बघू’ त्याने आशा म्हणून आपल्या वहीत लिहिले असणार. त्या आशेपायी त्याचा वेळ गेला आणि गाडीचे तेल जळले. ज्याला मी दुखवू इच्छीत नव्हतो, त्याला मी वर्षभर फसवीत होतो.

चिकाटीचा विषय निघाला की आपल्याला अन्यायी न्यायाधीश आणि विधवा यांचा दाखला आठवतो. ती पुनःपुन्हा गेली आणि तिचे काम झाले. परंतु ती आपल्या हक्काचा न्याय मागत होती. जे आपण देणे लागतो त्यासाठी कोणी दहा वेळा आला, तर उशिराचा दोष आपला. जे आपण देणे लागत नाही त्यासाठी कोणी दहा वेळा आला, तर आपण त्याचे एवढेच देणे लागतो की पहिल्याच वेळी खरे उत्तर द्यावे.

आता हे उत्तर कोणाला द्यावयाचे, याचा विवेक हवा. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर कित्येक वर्षे विमा म्हणजे सोप्यावर बसून चहा घेणारा ओळखीचा माणूस. २००० सालापासून खाजगी कंपन्या आल्या, पुढे संगणक आला. आता पुष्कळशा ई-मेल कोणी माणूस लिहीत नाही. यंत्र एकाच वेळी हजारो पत्त्यांवर त्या पाठविते. यंत्राला उत्तराचे ऋण नाही. माहितीतल्या कंपनीची ई-मेल असेल तर तिच्या तळाशी यादीतून नाव काढण्याची सोय असते, ती वापरावी. पाठविणारा अनोळखी असेल तर आतल्या कशावरही बोट ठेवू नये, उत्तरही देऊ नये. उत्तराने पत्ता चालू असल्याचे त्याला कळते. ती ‘स्पॅम’मध्ये टाकावी. फोन व संदेश यांसाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. विमा नियामक प्राधिकरणाच्या नावाने बोनस देऊ करणारा फोन आला तर तो लबाडीचा समजावा, कारण ते प्राधिकरण पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

परंतु जेथे खरोखर माणूस आहे, तेथे एकदा, स्पष्ट आणि कारणांचा पसारा न मांडता सांगावे: ‘मला पॉलिसी घ्यावयाची नाही. पुढेही घेणार नाही. कृपया माझा पत्ता आपल्या यादीतून काढावा.’ खोटे कारण देऊ नये, कारण कारण संपले की तो परत येणारच. एवढ्यावरही तो थांबला नाही तर त्याचा पत्ता बंद करावा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास कळवावे. तेथे दाद न लागली तर प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ या व्यवस्थेत तक्रार करता येते. यात अप्रीती नाही.

आणि सुटकेसाठी दुसऱ्याचे नाव कधीही देऊ नये. माणसाची माहिती त्याच्या संमतीने वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आले आहे. पण मंडळीची यादी आपली मालमत्ता नव्हे, हे कळावयास कायदा कशाला हवा होता? तसेच ‘पहिल्या हप्त्यातले थोडे मी भरतो’ असे एजंट म्हणाला तर मोहात पडू नये. १९३८ च्या विमा कायद्याचे ४१ वे कलम अशी सूट देणाऱ्यासच नव्हे, घेणाऱ्यासही मना करते.

यावरून विमा वाईट, असे कोणी समजू नये. कर्ता पुरुष अकाली गेलेल्या घराला पॉलिसीने तारल्याचे आपण पाहिले आहे. ज्याला गरज आहे त्याने विचारपूर्वक घ्यावा. २०२४ च्या नियमांनी पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा आहे. त्या भगिनीलाही तेव्हा अशी मुभा होती, जरी मुदत कमी असली तरी. तिला ते ठाऊक नव्हते, आणि ज्याच्या नावावर तिने विश्वास ठेवला त्यानेही सांगितले नाही.

मी तिला हप्त्याची रक्कम देऊ केली. तिने ती घेतली नाही. शेवटी पाळकसाहेबांना मध्ये घालावे लागले, तेव्हा तिने निम्मी घेतली. उरलेल्या चार घरी जाऊन मी सांगितले की, नाव मी दिले होते, शिफारस मात्र केली नव्हती. मग घरी येऊन त्या तरुणाला वर दिलेल्या तीन ओळी लिहिल्या, आणि वर्षभर खोटी कारणे दिल्याबद्दल क्षमा मागितली. त्याचे एका ओळीचे उत्तर आले: ‘ठीक आहे काका, आधी सांगायचं होतं.’

त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याच्या कंपनीच्या ई-मेल त्यानंतरही येत राहिल्या. त्या मी बंद केल्या. त्याविषयी माझ्या मनाला काही टोचत नाही.