कोपीवरचा चहा

दौंड आणि शिरूर तालुक्यांत ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडील कुटुंबे फडाशेजारी कोप्या घालून राहतात. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन आम्ही अशाच एका वस्तीवर गेलो होतो. कपडे, वह्या, खाऊ यांचे वाटप झाले. निघताना एका माउलीने कोऱ्या चहाचे पेले पुढे केले. एका मुलीने हात मागे घेतला. तिचे पाहून इतरांनीही घेतला. माउलीचा चेहरा उतरला. मला मुलांचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. द्यावे कसे हे आम्ही मुलांना शिकवले होते. घ्यावे कसे हे शिकवायचे राहून गेले होते.

मुलांची आध्यात्मिक वाढ व्हावी म्हणून आपण त्यांना गरिबांच्या दारी नेतो, तेव्हा गरीब हे आपल्या पुण्याईचे केवळ साधन तर ठरत नाहीत ना?

संत लूकच्या शुभवर्तमानातील 10 व्या अध्यायात प्रभू येशू 72 शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवितो. थैली नको, झोळी नको. जे पुढे वाढतील ते खा, असे सांगतो. रिकाम्या हाताने जाणाऱ्याला दुसऱ्याच्या घासावर विसंबावे लागते आणि त्या विसंबण्यात अहंकार गळून पडतो. प्रेषित हा आधी पाहुणा असतो.

याच दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी (1858–1922) दुष्काळातून वाचविलेल्या मुलींना तेथे आश्रय दिला. 1905 साली आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यासाठी त्यांनी स्वयंसेविका मागितल्या, तेव्हा सुमारे 30 तरुणी पुढे आल्या आणि रोज एकत्र प्रार्थनेला बसू लागल्या. रमाबाईंचा पंथ आपल्याहून निराळा. परंतु हा धडा आपलाही आहे. जिथे उपासमार जवळून पाहिलेल्या मुली राहत होत्या, त्या घरातून निघणाऱ्याला कोणाच्याही दारी उंचावरून बोलणे कठीणच. आपल्या मुलांच्या वाट्याला ती भूक आलेली नाही, येऊही नये. म्हणूनच त्यांना तयारीची गरज अधिक आहे. पोप फ्रान्सिस यांनीही 2019 मधील ‘क्रिस्तुस विवित’ या पत्रात सुट्टीतील युवा-मिशनविषयी लिहिताना पूर्वतयारीचा उल्लेख केला आहे.

ही तयारी म्हणजे जाण्यापूर्वी प्रार्थना आणि त्या माणसांच्या कष्टांची ओळख; तिथे गेल्यावर कॅमेरा बाजूला ठेवून ऐकणे; परतल्यावर आत्मपरीक्षण. घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींशी मुलाचे बोलणे बदलले नसेल, तर तो प्रवास सहलच ठरला.

पुढल्या हंगामात आम्ही मुद्दाम त्याच फडावर गेलो. ती टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली होती. दुसऱ्या एका कोपीवर आम्हांला चहा मिळाला. सर्वांनी तो घेतला. त्या मुलीने सर्वांत आधी हात पुढे केला. पण पहिल्या माउलीचे देणे मात्र राहूनच गेले.